शुद्ध इंग्रजीसुद्धा तुसडे का वाटते? विनंती, नकार आणि आदर यांचे संकेत

शब्दवेल्हाळ

मी पुण्यात प्रौढांसाठी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. वर्गाला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते आणि परदेशातील ग्राहकांशी किंवा सहकाऱ्यांशी थेट पत्रव्यवहार करण्याची वेळ आल्यामुळे ते इंग्रजीकडे नव्याने वळलेले असतात. काळ, उपपदे, शब्दयोगी अव्यये यांतल्या चुका दाखवणे सोपे असते, कारण त्यांना नियम आहेत. माझी अडचण निराळी आहे. वाक्यात बोट ठेवावे अशी एकही चूक नसते, आणि तरीही ते वाक्य वाचणाऱ्याला तुसडे वाटते.

एका विद्यार्थ्याने इंग्लंडमधील सहकाऱ्याला 'प्लीज सेंड मी द रिव्हाइज्ड फाइल टुडे इटसेल्फ' असे लिहिले. त्याच्या मनातले वाक्य 'सुधारलेली फाईल कृपया आजच पाठवा' असे होते, आणि मराठीत ते पुरेसे अदबशीर आहे. पलीकडून फाईल आली, पण सोबत एक अक्षरही आले नाही. काही दिवसांनी वरिष्ठांनी त्याला बोलावून सांगितले की तुमच्या लिहिण्याचा सूर हुकमाचा वाटतो. अत्यंत मृदू स्वभावाच्या त्या माणसाला याचे फार वाईट वाटले.

मला वाटते ते असे. मराठीत 'पाठव' आणि 'पाठवा' यांत एका कान्याचे अंतर आहे आणि सगळा आदर त्या कान्यात मावतो. इंग्रजीत 'सेंड' हे एकच रूप आहे. लहान मुलाला, बरोबरीच्याला आणि कंपनीच्या अध्यक्षाला तेच. तो काना भाषांतरात गळून पडतो आणि मागे केवळ आज्ञा उरते. 'प्लीज' लावल्याने ती विनवणीची आज्ञा होते, पण तिचे आज्ञापण जात नाही. शिवाय आपल्या 'च'साठी 'इटसेल्फ' घातल्यामुळे घाईची सक्तीही जाणवते.

मग इंग्रजी बोलणारे लोक हा आदर नेमका कुठे ठेवतात, आणि प्रौढ विद्यार्थ्यांना तो कसा शिकवावा? परदेशात राहणाऱ्यांनी आणि शिक्षकांनी रोजच्या व्यवहारातील उदाहरणे देऊन लिहिल्यास सर्वांना उपयोग होईल.

वऱ्हाडी मास्तर

धागा काढल्याबद्दल आभार. अमरावती जिल्ह्यात अनेक वर्षे इंग्रजी शिकवल्यामुळे या विषयावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

इंग्रजीत पूर्वी आपल्यासारखीच सोय होती, हे विद्यार्थ्यांना आधी सांगावे. 'दाउ' हे एकवचनी सर्वनाम म्हणजे आपले 'तू', आणि 'यू' मूळचे अनेकवचनी. फ्रेंच दरबारी रीतीच्या प्रभावाने तेराव्या शतकापासून एका माणसालाही आदराने 'यू' म्हणण्याची पद्धत रुजू लागली, जशी आपण एका माणसाला 'तुम्ही' म्हणतो. पुढे 'यू' खालच्या वर्गापर्यंत पसरत गेले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रमाण बोलीतून 'दाउ' जवळजवळ नाहीसे झाले. ते प्रार्थनांत आणि उत्तर इंग्लंडच्या काही बोलींत तेवढे टिकले. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी सतराव्या शतकात सर्वांना समान लेखायचे म्हणून न्यायाधीशांनासुद्धा 'दाउ' म्हणण्याचा आग्रह धरला आणि त्यापायी रोष ओढवून घेतला. सर्वनामात केवढे सामाजिक वजन असते हे त्यावरून समजते. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील या तू-तुम्हीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो आजही भाषाविज्ञानात पायाभूत मानला जातो. फ्रेंच आणि जर्मन भाषांनी हा भेद राखला, इंग्रजीने टाकला.

भेद टाकला तरी गरज संपत नाही. सर्वनामाकडून गेलेले काम इंग्रजीत वाक्यरचनेने उचलले. आज्ञा न देता प्रश्न विचारायचा, वर्तमानकाळाऐवजी भूतकाळी रूप वापरायचे, 'तुम्ही करा' न म्हणता 'तुम्हाला जमेल का' असे म्हणून समोरच्याला नकाराची वाट मोकळी ठेवायची. 'कुड यू सेंड मी द फाइल?' यातले 'कुड' भूतकाळ दाखवत नाही, अंतर दाखवते. शाळेत आम्ही 'कुड म्हणजे कॅनचा भूतकाळ' एवढेच शिकवतो आणि तिथेच थांबतो.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होते. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून आले. तरीही विनंतीचा धडा 'प्लीज' आणि 'काइंडली' यांच्या पलीकडे फारसा गेलेला मला दिसत नाही. भाषांतराच्या स्वाध्यायात 'दार उघडा' याचे उत्तर 'ओपन द डोअर' असे दिले की पूर्ण गुण मिळतात. उत्तर बरोबरही आहे; फक्त ते कोणाला म्हणायचे हे कोणी सांगत नाही.

निवृत्त लेखनिक

मी राज्य शासनाच्या सेवेत इंग्रजी टिपणे आणि पत्रे लिहिण्यात आयुष्य घालवले आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. 'काइंडली', 'डू द नीडफुल', 'ॲट द अर्लीएस्ट', 'आय बेग टू स्टेट' या शब्दप्रयोगांना आजकाल अडाणी म्हणून हिणवले जाते, आणि ते मला पटत नाही. आम्ही हे घरी तयार केले नाहीत. 'आय हॅव द ऑनर टू बी, सर, युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' अशी पत्राची अखेर करणारे ब्रिटिश अधिकारीच होते आणि 'डू द नीडफुल' त्यांच्याच पत्रव्यवहारातून आपल्या कार्यालयांत आले. आमच्या वरिष्ठांनी ते आम्हाला शिकवले, आम्ही पुढच्यांना शिकवले.

बदल झाला तो तिकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या ट्रेझरीने, म्हणजे अर्थखात्याने, अर्नेस्ट गॉवर्स या ज्येष्ठ अधिकाऱ्यांना सरकारी नोकरांच्या इंग्रजीवर मार्गदर्शन लिहायला सांगितले आणि त्यांची पुस्तिका १९४८ मध्ये निघाली. साधे शब्द वापरा, फापटपसारा टाळा, वाचणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवा, असा तिचा रोख होता. म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला त्याच सुमारास तिकडची कचेरी आपली जुनी भाषा टाकू लागली होती आणि आपण ती जपत राहिलो. भारतात एका कार्यालयाने दुसऱ्याला 'काइंडली डू द नीडफुल' लिहिले तर त्यात कोणालाही उद्धटपणा दिसत नाही. भारतातल्या भारतात ते सभ्य इंग्रजीच आहे, एवढे नमूद करावेसे वाटते.

रारिटन

मी बरीच वर्षे न्यू जर्सीत आहे. निवृत्त लेखनिक यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण पत्र कोण वाचणार आहे यावर सगळे अवलंबून असते. अमेरिकेत 'काइंडली' हा शब्द मृदू राहिलेला नाही. 'काइंडली रिफ्रेन फ्रॉम स्मोकिंग' अशा पाट्यांवर तो भेटतो, त्यामुळे ईमेलमध्ये आला की दटावल्यासारखा वाटतो. शिवाय फसवणुकीच्या ईमेलमध्ये तो इतका आढळतो की काही जण तो दिसताच सावध होतात. पाठवणाऱ्याचा हेतू नम्रपणाचा असतो आणि पोचतो तो संशय.

याहून मोठा घोटाळा 'यू पीपल' या शब्दांनी होतो, आणि तो मास्तरांनी सांगितलेल्या इतिहासातूनच निघालेला आहे. 'यू' एकवचनीही झाल्यामुळे अनेकांशी बोलताना काहीतरी जोडावे लागते. आपण 'तुम्ही लोक कधी येणार?' हे सहज विचारतो आणि त्याचे 'व्हेन आर यू पीपल कमिंग?' करतो. अमेरिकेत 'यू पीपल' म्हणजे 'तुमच्यासारखी माणसे' असा तुच्छतेचा, वंशावरून बोट दाखवण्याचा अर्थ घेतला जातो. समोर कृष्णवर्णीय सहकारी असतील तर हे दोन शब्द फार खोल जखम करतात. दक्षिणेकडील राज्यांत 'यॉल' म्हणतात, इतरत्र 'यू ऑल' किंवा 'यू गाइज' चालते, आणि औपचारिक प्रसंगी 'युवर टीम' किंवा 'एव्हरीवन' म्हणणे सर्वांत सुरक्षित. वर्गात पहिल्याच दिवशी हे सांगावे, अशी शब्दवेल्हाळ यांना माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरा शब्द 'डाउट'. आपण शंका विचारतो, म्हणून 'आय हॅव अ डाउट' म्हणतो. भारताबाहेर त्यातून शंका कळत नाही, अविश्वास कळतो. बैठकीत कोणी आपली योजना मांडून झाल्यावर आपण 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर प्लॅन' म्हटले, तर त्या माणसाला वाटते की याला माझी योजना फसणार असे सुचवायचे आहे. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हटले की काम भागते.

संबोधनाबद्दलही थोडे. नुसते 'डिअर' म्हणून वाक्य सुरू करू नये. 'डिअर'च्या पुढे नाव हवे, नाहीतर ती लाडिक सलगी होते. 'मिस्टर'च्या पुढे आडनाव येते, पहिले नाव येत नाही. आपल्याकडच्या 'सौ.' आणि 'कु.'च्या सवयीने स्त्रियांना 'मिसेस' किंवा 'मिस' लिहिण्याचा मोह होतो. तिथे 'मिझ' (Ms.) लिहावे, म्हणजे विवाहाची चौकशी टळते. हा उपाय १९०१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका वृत्तपत्रात सुचवला गेला होता, अमेरिकन सरकारच्या मुद्रणालयाने तो १९७२ मध्ये मान्य केला आणि न्यूयॉर्क टाइम्सने स्वीकारायला १९८६ साल उजाडले. त्यामुळे जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत तो सापडला नाही तर नवल नाही.

सातारी

माझे दोन प्रश्न आहेत. एक, 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' असे कोणी विचारले आणि मी खिडकी उघडायला तयार असेन, तर उत्तर 'येस' द्यायचे की 'नो'? दोन, आम्हाला शाळेत 'यू हॅड बेटर' ही सौम्य सल्ल्याची रचना म्हणून शिकवली होती. ती ग्राहकाला लिहिलेली चालते का?

शब्दवेल्हाळ

सातारी, दुसऱ्याचे उत्तर आधी देते, कारण त्यात धोका अधिक आहे. 'यू हॅड बेटर सेंड द पेमेंट बाय फ्रायडे' हे वाक्य सल्ल्यासारखे ऐकू येत नाही, इशाऱ्यासारखे ऐकू येते: पाठवा, नाहीतर परिणाम भोगा. आई मुलाला, पोलीस वाहनचालकाला असे म्हणू शकतात. ग्राहकाला कधीही लिहू नये. 'इट मे बी अ गुड आयडिया टू' किंवा 'यू माइट वॉन्ट टू' अशी सुरुवात करावी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नो' किंवा 'नॉट ॲट ऑल'. 'माइंड' म्हणजे हरकत असणे. तुमची हरकत आहे का, असा प्रश्न असल्यामुळे 'येस' म्हटले की नकार होतो. बोलण्यात लोक 'शुअर' म्हणून उठतात आणि खिडकी उघडतात, तेही चालते, कारण कृती अर्थ स्पष्ट करते. पत्रात मात्र 'नॉट ॲट ऑल' लिहून पुढे काय करणार ते लिहावे.

वर मास्तरांनी अंतराचा जो मुद्दा मांडला त्यावर मी वर्गात एक गोष्ट करून पाहते, ती इथे मांडते. विद्यार्थ्यांना 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड' ही रचना दिली की ते म्हणतात, मी आत्ता विचारतो आहे, मग 'वॉज' कशाला? तेव्हा मी त्यांना विचारते, शेजारच्या काकांकडे शिडी मागायला गेलात तर दारात काय म्हणता? बहुतेक जण म्हणतात, 'काका, जरा काम होतं.' काम आत्ता आहे, तरी आपण 'होतं' म्हणतो. 'एक विचारायचं होतं', 'तुमची थोडी मदत हवी होती' ही सगळी तीच तऱ्हा आहे. भूतकाळात नेल्यामुळे मागणी किंचित लांब उभी राहते आणि समोरच्यावर ओझे पडत नाही. हे लक्षात आल्यावर 'आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग' पाठ करावे लागत नाही, ते आपले वाटू लागते.

'जरा' आणि 'तेवढं' यांचेही तसेच. 'तेवढं मीठ दे' यात मीठ किती ते सांगितलेले नाही. मागणी लहान आहे असे सांगितले आहे. इंग्रजीत ते काम 'जस्ट', 'अ बिट', 'अ क्विक' हे शब्द करतात: 'कुड आय जस्ट आस्क', 'अ क्विक क्वेश्चन'. 'द्याल का?' हा आपला भविष्यकाळी प्रश्न आणि 'वुड यू' यांचे नातेही सहज दाखवता येते. म्हणजे मराठी माणसाला ही कला शिकवावी लागत नाही. तो ती घरी दिवसभर वापरतो, आणि इंग्रजीत शिरताना उंबऱ्यावर ठेवून येतो, कारण त्याला शाळेत शब्दांचे भाषांतर शिकवलेले असते, आर्जवाचे नाही.

म्हणून मूळ वाक्य मी असे सुचवले: 'वुड यू बी एबल टू सेंड द रिव्हाइज्ड फाइल बाय द एंड ऑफ द डे?' यात 'टुडे इटसेल्फ' नाही, पण मुदत तितकीच स्पष्ट आहे. नम्र होण्यासाठी मुदत पुसट करण्याची गरज नसते, हे विद्यार्थ्यांच्या मनावर पुनःपुन्हा ठसवावे लागते.

लेस्टरवासी

मी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे आणि आमच्या रुग्णालयात गुजराती, मराठी, पंजाबी ज्येष्ठ मंडळी मोठ्या संख्येने येतात. आपल्या चर्चेत एक गोष्ट अजून आलेली नाही आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: नकारार्थी प्रश्नाला द्यायचे उत्तर.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या पोटात अन्न नसावे लागते. कोणी विचारले, 'यू हॅवन्ट ईटन एनीथिंग सिन्स मिडनाइट?' तर आपले आजोबा म्हणतात, 'येस.' त्यांच्या मनात असते, 'हो, बरोबर आहे तुमचे, काही खाल्ले नाही.' मराठीत आपण समोरच्याच्या म्हणण्याला होकार देतो. इंग्रजीत 'येस' आणि 'नो' समोरच्याच्या वाक्याकडे पाहत नाहीत, घडलेल्या गोष्टीकडे पाहतात. खाल्ले असेल तर 'येस, आय हॅव', खाल्ले नसेल तर 'नो, आय हॅवन्ट', मग प्रश्न कसाही असो. त्यामुळे आजोबांचे 'येस' ऐकून ऐकणाऱ्याला वाटू शकते की यांनी नाश्ता केला आहे. याउलट खाल्लेल्या माणसाने 'नो' म्हटले, म्हणजे 'नाही, तसे नाही, मी खाल्ले आहे', तर प्रकरण जिवावर बेतू शकते. म्हणून मी स्वतः 'व्हेन डिड यू लास्ट ईट?' असाच प्रश्न विचारते, ज्याला हो-नाही असे उत्तरच देता येत नाही. शिकणाऱ्यांनी एवढी सवय लावून घ्यावी की नकारार्थी प्रश्नाला नुसते 'येस' किंवा 'नो' कधीच म्हणायचे नाही; पूर्ण वाक्य बोलायचे. 'आय हॅवन्ट ईटन' म्हटले की आधीचा 'येस' किंवा 'नो' चुकला तरी अर्थ राहतो.

निरोप घेतानाची आपली 'येतो' किंवा 'येते' ही पद्धतही जपून वापरावी. आपल्याकडे 'जातो' म्हणणे अशुभ, म्हणून आपण 'येतो' म्हणतो. नुकत्याच भारतातून आलेल्या एका बाईंनी काम संपवून निघताना सर्वांना 'ओके, आय ॲम कमिंग' म्हटले, आणि त्या परत येतील म्हणून एक सहकारी त्यांच्यासाठी बराच वेळ थांबून राहिली.

आणि पाहुणचार. आपल्या घरी पहिल्या 'नको'ला कोणी नकार मानत नाही. यजमान पुन्हा विचारतो आणि पाहुणा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेला हातात घेतो. इथे 'नो, थँक यू' म्हटले की विषय संपला. पुन्हा पुन्हा आग्रह केला तर तो माणूस अवघडतो, आणि चहा हवा असताना शिष्टाचार म्हणून पहिल्यांदा नको म्हटले तर चहा मिळत नाही. मुलीच्या घरी पहिल्यांदा इंग्लंडला येणाऱ्या आईवडिलांना मी हे आवर्जून सांगते, कारण शेजारच्या घरी तहानलेले बसून परत आलेले लोक मी पाहिले आहेत.

वऱ्हाडी मास्तर

लेस्टरवासी यांनी आग्रहाचा विषय काढला म्हणून एक सूक्ष्म भेद सांगतो. इतके सगळे वाचून कोणी असे समजेल की इंग्रजीत आज्ञार्थ वापरूच नये. तसे नाही. जेफ्री लीच या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये मांडले की वाक्याचा लाभ कोणाला आणि त्रास कोणाला, यावर त्याची सभ्यता ठरते. ऐकणाऱ्याचा लाभ असेल तर सरळ आज्ञाच सभ्य असते: 'हॅव अ सीट', 'हेल्प युवरसेल्फ', 'एन्जॉय युवर मील'. 'यू मस्ट ट्राय दिस केक' यातले 'मस्ट' प्रेमाचे आहे, आपल्या 'जेवल्याशिवाय जायचंच नाही' यासारखे. तेच 'मस्ट' जेव्हा 'यू मस्ट सबमिट द फॉर्म' मध्ये येते तेव्हा त्रास ऐकणाऱ्याला असतो, म्हणून ते कठोर होते. पाहुण्याला 'आपण बसू शकाल का?' असे विचारणे जसे मराठीत चमत्कारिक, तसेच 'कुड यू पॉसिबली सिट डाउन?' इंग्रजीत चमत्कारिक. उलट त्यातून वैताग ऐकू येईल. तेव्हा विद्यार्थ्याने लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मी जे सांगतो आहे त्यात कष्ट कोणाचे? त्यांचे असतील तर प्रश्नार्थक वाक्य, आणि कष्ट जितके अधिक तितके वाक्य लांब.

नकार देण्याबद्दल कोणी लिहिले नाही. आपला 'बघतो' आणि 'प्रयत्न करतो' हा बहुधा सौम्य नकार असतो आणि ऐकणाऱ्याला तो कळतो. 'आय विल ट्राय' मात्र इंग्रजी ऐकणारा खरे धरतो आणि वाट पाहत बसतो. 'आय ॲम अफ्रेड आय वोन्ट बी एबल टू' असे म्हणून, एक कारण आणि जमल्यास दुसरा दिवस सुचवणे, हीच तिकडची सभ्यता. 'अफ्रेड' शब्दाला घाबरू नये. भीतीशी त्याचा इथे संबंध नाही.

निवृत्त लेखनिक

चर्चा वाचताना आनंद होतो आहे, तरी मनातली एक गोष्ट स्पष्ट लिहितो. इतकी वळणे घेऊन बोलणे म्हणजे पुन्हा त्या 'ओबीडियंट सर्व्हंट'कडे जाणे नव्हे काय? आमच्या तरुणांनी परदेशी ग्राहकापुढे इतके वाकावे का? आणि त्यांनी आपली 'जी', 'साहेब', 'आपण' ही रीत कधी शिकून घेतली?

रारिटन

आपला प्रश्न रास्त आहे. मला यात वाकणे दिसत नाही, कारण ही वळणे तिकडे वरिष्ठही कनिष्ठांशी बोलताना घेतात. माझ्या विभागाच्या प्रमुख सर्वांत नव्या मुलाला 'डू यू थिंक यू कुड टेक अ लुक ॲट दिस?' असेच विचारतात. मराठीत आदर बहुधा वय आणि पद पाहून चढतो. या रचना पद पाहत नाहीत, समोरच्याचा वेळ पाहतात. उलट 'रिस्पेक्टेड सर' आणि वाक्यागणिक 'सर' हेच तिकडे वाकणे वाटते आणि ऐकणाऱ्याला अवघडवते. अमेरिकेच्या दक्षिणेत अनोळखी माणसालाही 'सर', 'मॅम' म्हणतात, पण कार्यालयात पहिल्या नावानेच हाक मारण्याची रीत आहे.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये इंग्रजी, मेक्सिकोतील त्सेल्ताल आणि आपल्या शेजारची तमीळ या तीन भाषांवरून दाखवले की समोरच्याची पत राखण्याची धडपड तिन्हीकडे आहे, मार्ग तेवढे वेगवेगळे आहेत. तेव्हा त्यांची रीत शिकणे म्हणजे आपली सोडणे नव्हे. आपल्याकडे येणाऱ्यांनी आपली शिकावी, या अपेक्षेत मीही आपल्यासोबत आहे.

लेस्टरवासी

लिहिण्याबद्दल बरेच आले, बोलण्याबद्दल एक खरी घडलेली गोष्ट सांगते. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञांनी ती १९८२ मध्ये नोंदवली. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया नव्याने कामावर लागल्या होत्या. त्या उर्मट आहेत, सहकार्य करत नाहीत, अशी तक्रार वरिष्ठ आणि माल हाताळणारे कामगार करू लागले, आणि आपल्याला भेदभावाने वागवले जाते असे त्या स्त्रियांना वाटू लागले. त्या बोलत मात्र फारच थोडे. मांसाच्या ताटलीवर रस्सा घालायचा का हे विचारताना इंग्रज वाढपी 'ग्रेव्ही?' असे शेवटी आवाज चढवून म्हणे. या स्त्रिया 'ग्रेव्ही' असे आवाज उतरवून म्हणत. चढत्या आवाजात 'घालू का?' हा प्रश्न होता, उतरत्या आवाजात 'ही ग्रेव्ही' एवढी घोषणा. शब्द एकच, व्याकरणाला जागाच नाही, आणि तेवढ्यावर माणसे एकमेकांविषयी कटू झाली. प्रशिक्षणात ध्वनिमुद्रण ऐकवून फरक दाखवल्यावर दोन्ही बाजूंना उलगडा झाला.

मला हे रोज दिसते. दुकानातल्या गल्ल्यावर 'बॅग', 'रिसीट', 'कार्ड' हे शब्द आपली मंडळी सपाट किंवा उतरत्या आवाजात म्हणतात. मराठीत 'पिशवी हवी का?' म्हणताना 'का' प्रश्नाचा भार उचलते, त्यामुळे आवाजावर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. तो 'का' इंग्रजीत नसतो.

सातारी

मग एकट्याने याचा सराव कसा करावा? आमच्याकडे ऐकून सांगणारे कोणी नाही.

शब्दवेल्हाळ

फोनवर स्वतःचा आवाज मुद्रित करावा. एकाच शब्दाची दोन रूपे म्हणावीत, 'टी' हे उत्तर म्हणून आणि 'टी?' हे विचारणे म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी ऐकून कोणते कोणते ते ओळखता येते का ते पाहावे. स्वतःलाच ओळखता आले नाही तर आवाज अजून पुरेसा चढत नाही असे समजावे. एका शब्दावर जमले की दोन शब्दांकडे जावे: 'एनी शुगर?', 'विंडो सीट?', 'दिस वन?'. मात्र 'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हेन' यांनी सुरू होणाऱ्या प्रश्नांत आवाज बहुधा उतरतो, म्हणून ते या सरावात मिसळू नयेत. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढते.